मुद्रा : मालकीची की ऋणाची?

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥

अभंगाच्या शेवटच्या चरणात कर्त्याचे नाव असते, हे आपल्यातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. 'नामा म्हणे' कानी पडले की नामदेवराय, 'तुका म्हणे' कानी पडले की तुकोबाराय. या नावाला आपण मुद्रा म्हणतो. मुद्रा म्हणजे शिक्का. आता शिक्का मारतात तो कशावर? जी वस्तू आपली, तिच्यावर. व्यापारी पोत्यावर खूण घालतो, भांड्यांवर बायका नाव घालून घेतात. मग शंका अशी येते की, ज्यांनी घरदार, मानपान, देहाचा अभिमानसुद्धा पांडुरंगाच्या पायी टाकला, जे सांगतात की बोलणारे आम्ही नव्हेत, बोलविता धनी वेगळाच आहे, त्यांनी शब्दावर मात्र आपला शिक्का का मारावा? 'मी' गेला म्हणायचे आणि शेवटच्या चरणात 'मी' ठेवायचा, हा विरोध कसा मिटावा?

सज्जनहो, ही शंका केवळ संतांपुरती राहिलेली नाही. हल्ली 'बौद्धिक संपदा' असा एक शब्द झाला आहे. पुस्तकावर लेखकाचा हक्क, औषधावर ते शोधणाऱ्याचा हक्क, ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क. त्याचे कायदे आहेत, कोर्टे आहेत, दंड आहेत. कलम वकिलाने सांगावे, तो त्याचा अधिकार. पण कायद्याच्या बुडाशी धर्म असावा लागतो, नाहीतर तो नुसता दंडुका. तो धर्म कोणता, एवढेच आज पाहावयाचे आहे. निरूपणाला आज अभंग घेतला नाही, अभंगाखालची सही घेतली आहे.

प्रथम पूर्वपक्ष. शेत माझे आहे. तुम्ही बळकावले तर मला नांगरता येत नाही. गाय माझी आहे. तुम्ही सोडून नेली तर माझी दावण रिकामी. म्हणून शेताची, गाईची, दागिन्याची चोरी होते. पण अभंग मी म्हटला, तुम्ही ऐकून पाठ केला, घरी जाऊन म्हटला, तर माझ्याकडचा गेला काय? गेला नाही, उलट एकाचे दोन झाले. पाठशाळेत आम्हांला लहानपणीच घोकवीत की विद्या हे असे धन आहे की ते चोराला नेता येत नाही, भावाला वाटून मागता येत नाही, आणि खर्चावे तसे वाढते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले थॉमस जेफरसन यांनी १८१३ साली एका पत्रात याच अर्थाचा दिव्याचा दृष्टांत दिला आहे : एकाच्या ज्योतीवर दुसऱ्याने आपली ज्योत लावली म्हणून पहिल्याच्या घरी अंधार होत नाही. गंमत ही की १७९० साली तिकडे पेटंटे देणारे जे पहिले मंडळ झाले, त्यात हेच गृहस्थ बसत होते. हक्क देणाऱ्यालाही हा हक्क शेतासारखा नाही हे कळत होते म्हणायचे. तेव्हा पूर्वपक्ष विचारतो, जे नेले तरी जात नाही त्याची चोरी कसली? आणि चोरीच नाही तर हक्क तरी कसला?

पूर्वपक्ष बळकट आहे. त्याला टाळ्यांवर उडवून लावू नये. त्याचे उत्तर देहूस मिळते.

तुकोबारायांच्या काळी सालोमालो म्हणून एक होता. त्याचे नाव गाथेतच आले आहे, आणि १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' बोलपट निघाल्यापासून तर तो घरोघरी ठाऊक झाला. परंपरा सांगते की हा तुकोबांचे अभंग घ्यायचा, शेवटच्या चरणातला 'तुका' काढायचा, तिथे आपले नाव घालायचा आणि कीर्तनात ठोकून द्यायचा. लोक माना डोलवायचे. आता पूर्वपक्षाला विचारू या, बाबा रे, यात तुकोबांचे काय गेले? अभंग तर गेला नाही. तो त्यांच्या मुखी होता, चाकणच्या संताजी महाराज जगनाडे यांच्या वहीत होता. पैसा गेला म्हणावे, तर तुकोबा अभंगाचा पैसा घेत नव्हते. कीर्ती गेली म्हणावे, तर कीर्तीपासून ते दूरच पळत होते. मग गेले कोणाचे, आणि काय गेले?

गेले ते ऐकणाऱ्याचे. शेतकरी दिवसभर राबून रात्री कीर्तनाला येतो. एखादा शब्द त्याच्या काळजात उतरतो. त्याला वाटते, हे ज्याला दिसले त्याच्या पायाशी जाऊन बसावे. तो पाय शोधीत निघतो आणि पोचतो सालोमालोच्या दारी. तिथे शब्द आहे, पण त्या शब्दामागचे जगणे नाही. दुष्काळात बायको आणि लेकरू डोळ्यांदेखत गेले, त्या माणसाचा तो शब्द होता. सालोमालोला पुढचा प्रश्न विचारला तर तो काय उत्तर देणार? विहीर दुसऱ्याची आणि पाटी ह्याच्या दारावर. तहानेला आलेला परत फिरतो आणि म्हणतो, पाणीच खोटे होते. सज्जनहो, ही चोरी मालाची नव्हे, ही सत्याची चोरी आहे. चोराने नाव पळवले ते तुकोबांपासून नव्हे, तुमच्याआमच्यापासून पळवले.

संस्कृत कवींना हा चोर फार जुना परिचयाचा. सातव्या शतकात हर्षाच्या पदरी असलेला बाणभट्ट हर्षचरिताच्या आरंभीच कविचोराची गोष्ट काढतो, आणि श्लेष मोठा खुबीचा करतो. वर्ण म्हणजे अक्षर आणि वर्ण म्हणजे अंगाचा रंग. बंध म्हणजे रचना आणि बंध म्हणजे बेडी. पळालेला चोर तोंडाचा रंग बदलतो, बेडीचे वळ झाकतो. काव्यचोर अक्षरे फिरवतो, रचनेच्या खुणा झाकतो. पण जाणत्यांच्या सभेत दोघेही न सांगता ओळखू येतात. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने काव्यमीमांसेत शब्द कसा उचलतात, अर्थ कसा उचलतात, यांतले क्षम्य कोणते आणि निंद्य कोणते, यावर अध्याय घातले. वाचताना कधी कधी वाटते, पंडित चोर पकडतो आहे की त्याला वाटा दाखवतो आहे! असो.

आता मूळ शंकेकडे या. मुद्रा जर मालकीचा शिक्का असती, तर संतांनी तीत आपलेच नाव ठेवले असते. पण नाथमहाराजांची मुद्रा पाहा : 'एका जनार्दनीं'. आपले नाव अर्धेमुर्धे, एकनाथाचे नुसते 'एका', आणि त्याला जोडून गुरूचे, देवगडच्या जनार्दनस्वामींचे नाव. जनाबाईंची मुद्रा पाहा, 'नामयाची जनी' किंवा 'दासी जनी'. मी कोण, तर नामदेवांच्या घरची. ज्ञानोबाराय तर नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ सांगून झाल्यावर म्हणतात की हे सगळे निवृत्तिनाथांचे देणे. व्यासांच्या पावलांवर पाऊल ठेवीत, भाष्यकारांना वाट पुसत मी आलो. आणि तुकोबा? त्यांना स्वप्नात नामदेवराय आले, बरोबर पांडुरंग होता, आणि त्यांनी सांगितले की माझी शतकोटी अभंगांची प्रतिज्ञा अपुरी राहिली आहे, ती तू पुरी कर. म्हणजे तुकोबांचे कवित्व सुरूच झाले ते दुसऱ्याचे राहिलेले देणे फेडण्यासाठी.

यावरून काय निघते? मुद्रा हा सातबाराचा उतारा नव्हे, ते ऋणाचे खत आहे. खताखाली सही लागतेच. निनावी खताला कोण विचारतो? 'तुका म्हणे' याचा अर्थ 'हे माझे आहे, हात लावू नका' असा नाही. 'हे मी बोललो, याचा जाब मला विचारा, आणि मी हे कोणाकडून घेतले तेही माझ्याकडून ऐका' असा आहे. पाहा, सावकारीची कर्जखते तुकोबांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. लोक आपले जे देणे लागत होते ते कागद बुडवले. आपण जे देणे लागतो तो कागद मात्र अभंगाअभंगाखाली लिहून ठेवला.

माणूस जन्मतो तो ऋण घेऊनच, असे वेद सांगतो. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. देवांचे यज्ञाने फिटते, पितरांचे संततीने. ऋषींचे कशाने फिटते? धनाने नाही, फुलांनी नाही. अध्ययनाने आणि अध्यापनाने, म्हणजे शिकावे आणि शिकवावे. माझ्या मते ज्ञानावरच्या सगळ्या हक्कांचे मूळ येथे आहे. ज्ञानाचा मालक कोणी नाही, पण ज्ञानाचा ऋणी प्रत्येक जण आहे. जो धन्याचे नाव पुसतो तो ऋण बुडवतो. आणि जो मिळालेले ज्ञान कुलपात घालतो तोही ऋणच बुडवतो. दिसायला हे दोघे एकमेकांचे वैरी, एक चोर आणि एक सावकार. पण खाते दोघांचेही सारखेच थकलेले.

यात आणखी एक ऋणबुडव्या आहे, त्याच्याकडे आपले लक्ष कमी जाते. सालोमालो दुसऱ्याच्या शब्दावर आपले नाव घाली. हा आपल्या शब्दावर दुसऱ्याचे घालतो. रचना स्वतःची आणि मुद्रा 'तुका म्हणे'! वरकरणी ही नम्रता वाटते. पण मला विचाराल तर हा सालोमालोहून घातकी. त्याने एका माणसाचे श्रेय घेतले. हा खोटे नाणे पाडून त्यावर राजाचा शिक्का उठवतो, आणि ते पिढ्यान्पिढ्या बाजारात फिरते. नामदेवरायांच्या नावावर पुढच्या विष्णुदास नाम्याचे किती अभंग मिसळले, हे निवडताना अभ्यासकांचे डोळे गेले. आता तर मोबाईलवर रोज सकाळी तुकोबांचे म्हणून, बाबासाहेबांचे म्हणून कोणतेही वाक्य येते आणि आपण खातरजमा न करता दहा जणांना पुढे ढकलतो. शब्द चांगला आहे ना, मग झाले, असे म्हणतो. झाले नाही! चांगल्या शब्दालाही बाप असतो.

नाथमहाराजांनी या बाबतीत जे करून ठेवले ते संपादन करणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांपुढे ठेवावे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ला झाली. पुढे तीनशे वर्षे ती हाताहातांतून नकलली गेली. पाठ बिघडले, लोकांनी आपल्या ओव्या घुसडल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ती शुद्ध केली. नाथ स्वतः केवढे कवी! हजारो ओव्यांचे एकनाथी भागवत ज्यांनी लिहिले त्यांना ज्ञानेश्वरीत दोन ओव्या घालणे अवघड होते काय? पण त्यांनी आपले जे सांगायचे ते ग्रंथ संपल्यावर, निराळे, मोजक्या ओव्यांत, स्वतःच्या नावाने सांगितले : अमुक साली मी हे शोधन केले. आणि ताकीद दिली की यात कोणी आपली मराठी ओवी घालील तर ते अमृताने भरल्या ताटात रिकामी नरोटी ठेवल्यासारखे होईल. दुसऱ्याचे ते दुसऱ्याचे, आपले ते आपले, मध्ये स्वच्छ रेघ. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो, ती या शोधनाच्या दिवसाची.

आता कुलपाचे पाहू. हळद जखमेवर लावतात हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागते? चुलीशी चटका बसला की आजीचा हात आधी हळदीच्या डब्याकडे. जेजुरीला तर ती भंडारा होऊन उधळली जाते. पण १९९५ साली अमेरिकेत, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले! आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे प्रमुख होते, त्याला हरकत घेतली. पुरावा काय दिला? संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले जुने आधार. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. इथे मुद्दा बारकाईने घ्या. परिषदेने असे म्हटले नाही की हळद आमच्या मालकीची. तिने एवढेच दाखवले की हे नवे नाही, हे आधीच दिलेले आहे. म्हणजे खत काढून दाखवले. ज्या आज्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत त्यांची मुद्रा त्या जुन्या पानांनी राखली.

उलट उदाहरणही घ्या, नाहीतर पाश्चात्त्य म्हणजे सगळे कुलूपवाले असा ग्रह होईल. दिंडीत चालणाऱ्या आपल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या पडशीत इन्सुलिन असते. ते कॅनडात टोरांटो येथे १९२१-२२ च्या सुमारास सिद्ध झाले. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघांनी १९२३ साली त्याचे पेटंट विद्यापीठाला दिले, प्रत्येकी एक डॉलर घेऊन. मग पेटंट घेतलेच कशाला? तर दुसऱ्या कोणी ते अडवून बसू नये म्हणून. दाराला कडी अशी लावली की दार कोणाला बंद करता येऊ नये. आज त्या औषधाच्या नव्या नव्या प्रकारांचे तिकडे काय भाव झाले आहेत ते वर्तमानपत्रांत येते. तो दोष त्या तिघांचा नव्हे.

येथे कोणी म्हणेल, महाराज, मग सगळेच फुकट द्यावे काय? लेखकाने पोट कशावर भरावे? प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या मंडळींत त्याचे उत्तर फार घाईने दिले जाते. तुकोबांचा दंडक सर्वांना ठाऊक आहे : जिथे कीर्तन करावे तिथे अन्न घेऊ नये, बुक्का-माळ घेऊ नये, तट्टाला दाणावैरणसुद्धा मागू नये. पण हा दंडक देणाऱ्याने स्वतःला घालून घेतलेला आहे. घेणाऱ्याने तो देणाऱ्यावर लादायचा नसतो. त्याग ज्याचा त्याने करावा. दुसऱ्याच्या वतीने केलेला त्याग म्हणजे लूट. एखाद्याने वर्षानुवर्षे खपून ओवी ओवीचा अर्थ लावला, ग्रंथ छापला, आणि आपण त्याची पाने यंत्रावर काढून गावभर वाटतो, वर म्हणतो, 'ज्ञान आहे, त्याला पैसे कसले?' छापणाऱ्याने कागदाचे पैसे दिले, यंत्रवाल्याने शाईचे घेतले. फुकट पडला तो एकटा लिहिणारा. कामकऱ्याची मजुरी घाम वाळण्याच्या आत द्यावी म्हणतात; मग डोक्याचा घाम तेवढा दिसत नाही म्हणून बुडवायचा काय?

आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या दोन्ही बाजू बऱ्याच सांभाळल्या आहेत. लेखकाचा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षे. आधी ५० होती. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत संपत आली तेव्हा १९९२ साली दहा वाढवली. मुदत संपली की ग्रंथ सर्वांचा. साने गुरुजी १९५० साली गेले, तेव्हा २०११ पासून 'श्यामची आई' कोणीही छापावी. ज्यांनी १९४७ साली विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून पंढरपुरात प्राण पणाला लावले, त्यांच्या पुस्तकाचे दार असे उघडले. पण म्हणून ती स्वतःच्या नावावर छापता येईल काय? विकायचा हक्क मुदतीने मोकळा होतो, मुद्रा मोकळी होत नाही. याच कायद्याचे ५७ वे कलम सांगते की कर्त्याने हक्क विकून टाकला तरी दोन गोष्टी त्याच्यापाशी राहतात : हे माझे केलेले आहे असे म्हणण्याचा अधिकार, आणि त्याची मोडतोड करून माझी अप्रतिष्ठा करू नका असे म्हणण्याचा अधिकार. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे प्रचंड भित्तिशिल्प होते. सरकारने ते पैसे देऊन घेतलेले. १९७९ साली ते उतरवून गोदामात टाकले, त्याचे तुकडे झाले. शिल्पकार कोर्टात गेले, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की शिल्प त्यांना परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. पैसा देऊन वस्तू घेता येते, कर्त्याचे कर्तेपण घेता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. नाथांनी वाचले असते तर मान हलवली असती.

आता घरचे बोलू. इतरांना सांगणे सोपे. आमच्या बाजूला एक वृद्ध कीर्तनकार होते, नाव सांगत नाही. सप्ताहात उभे असताना त्यांची मुलगी गेल्याचा निरोप आला. त्यांनी कीर्तन पुरे केले, आरती झाली, मग खाली बसले. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी ती हकीकत एकदाच कीर्तनात सांगितली. कोणीतरी ती मोबाईलवर घेतली. महाराज वारले. आणि मग एका तरुण कीर्तनकाराने तीच हकीकत सांगायला सुरुवात केली : 'माझी मुलगी गेली तेव्हा.' त्याच्या मुली घरी सुखरूप आहेत, देव त्यांना आयुष्य देवो. लोक रडतात, बिदागी वाढते. त्या वृद्ध महाराजांच्या पत्नीने ते कोणाच्या तरी मोबाईलवर ऐकले. त्या एवढेच म्हणाल्या, 'पोराला काही बोलू नका. पण ते दुःख आमचं होतं.'

कॉपीराइटचे कोणते कलम याला लागते मला माहीत नाही, आणि लावूही नये. पण सालोमालो सतराव्या शतकात संपला असे ज्याला वाटते त्याने या बाईंचे वाक्य ऐकावे.

जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून किती विद्यार्थी गुरूच्या पायाशी बसून वह्या लिहून घेऊन बाहेर पडले. वहीतले सांगायला कोणाची ना नाही. सांगण्यासाठीच ती लिहिली. दृष्टांत घ्यावा, चाल घ्यावी, शंकासमाधान घ्यावे. फक्त 'हे अमुक महाराजांकडून ऐकले' हे चार शब्द खर्च करावेत. कीर्तन त्याने लहान होत नाही. ऐकणाऱ्याला दोन संत भेटतात. ज्यांना मोबाईलवर कीर्तन घ्यावयाचे त्यांनी आधी विणेकऱ्याजवळ येऊन विचारावे. बहुतेक जण हो म्हणतील. कापून, मागेपुढे तोडून, वर भलताच मथळा देऊन ते सोडू नये. धार्मिक विधीत एखादी रचना गाण्यास कायद्याची आडकाठी नाही. पण विधी संपल्यावर तीच चित्रफीत पैशासाठी चालवणे ही निराळी गोष्ट झाली. तिथे कर्त्याला विचारावे, आणि मिळकत होत असेल तर त्याचा वाटा त्याच्या घरी पोचवावा.

आणि सप्ताह कमिट्यांना एक विनंती. आषाढीला हरिपाठाच्या छोट्या पुस्तिका तुम्ही हजारांनी छापून वाटता, पुण्यकर्मच आहे ते. देणगीदाराचे नाव आणि फोटो मुखपृष्ठावर असतो, तो असू द्या. आत पहिल्या पानावर एवढे छापा की पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला, तो कोणी शुद्ध केला, आणि अर्थ दिला असेल तर तो कोणाचा. चार ओळींची जागा लागते, आणि छापखाना तिचे वेगळे पैसे घेत नाही.